प्रीबायोटिक्सने ब्रॉयलरचे वजन खरोखर वाढते का?

कोल्हापूर : ज्येष्ठात शेडमध्ये सोडलेली ब्रॉयलरची पिल्ले आषाढात बाजारात जातात. कोल्हापूर परिसरात आखाडात चिकनला मोठी मागणी असते आणि श्रावण लागताच ती उतरते, हे गणित इथल्या कुक्कुटपालकांच्या अंगवळणी पडलेले आहे. अडचण अशी, की मागणीचे हे दिवस आणि कोंबड्यांच्या आजारपणाचे दिवस एकच असतात. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाची झड लागते, शेडचे पडदे दिवसभर खाली राहतात, जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस ओले होते आणि पाठोपाठ हगवण सुरू होते. पक्षी खाद्य खातो, पण अंगाला लागत नाही.

अशा वेळी औषधविक्रेत्याच्या दुकानातून निरनिराळ्या पुड्या शेडवर येतात. पूर्वी त्यांत प्रतिजैविके असत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जागी 'प्रीबायोटिक' असे लिहिलेल्या पुड्या मोठ्या प्रमाणावर दिसू लागल्या आहेत. 'वजन वाढवते, खाद्य वाचवते, मरतूक कमी करते' असे तिन्ही दावे एकाच पिशवीवर छापलेले असतात. या दाव्यांत तथ्य किती, ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरतात आणि त्यासाठी मोजलेला पैसा परत मिळतो का, हे समजून घ्यायचे असेल तर आधी कोंबडीच्या आतड्यात काय घडते ते पाहावे लागते.

चाळीस दिवसांचा हिशेब

अंड्यातून बाहेर पडलेल्या ब्रॉयलर पिल्लाचे वजन सुमारे ४० ग्रॅम असते. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या आसपास पोचते, म्हणजे वजनात सुमारे पन्नास पट वाढ होते. पाळीव प्राण्यांत इतक्या झपाट्याने वाढणारे उदाहरण क्वचितच सापडेल. ही सारी वाढ खाद्यातून येते आणि ब्रॉयलरच्या एकूण उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६५ ते ७० टक्के असतो.

म्हणूनच या व्यवसायात एका आकड्याला फार महत्त्व आहे. एक किलो जिवंत वजन तयार होण्यासाठी किती किलो खाद्य लागले, याचे प्रमाण म्हणजे खाद्य रूपांतर प्रमाण. पोल्ट्रीवाल्यांच्या भाषेत एफसीआर. दोन किलोंच्या पक्ष्याने ३ किलो ४०० ग्रॅम खाद्य खाल्ले, तर एफसीआर १.७ झाला. हा आकडा जितका कमी, तितका फायदा अधिक. दुसऱ्या दशांश स्थळावरचा फरकसुद्धा हजारो पक्ष्यांच्या लॉटमध्ये नफा आणि तोटा यांच्यातील सीमारेषा ठरू शकतो. प्रीबायोटिक्सचा सगळा व्यवहार या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांसाठीच आहे.

आईविना जन्मलेले पिल्लू

गावरान कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबवते आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना घेऊन उकिरडा उकरते. पिल्लू आईच्या पंखांखाली राहते, तिने उकरलेल्या मातीत चोच घालते, तिच्या विष्ठेच्या संपर्कात येते. पाहणाऱ्याला हे अस्वच्छ वाटेल; परंतु याच मार्गाने प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू पिल्लाच्या पोटात पोचतात. पहिल्या काही दिवसांतच त्याच्या आतड्यात चांगल्या जिवाणूंची वस्ती बसते.

ब्रॉयलरच्या पिल्लाच्या वाट्याला हे येत नाही. त्याचा जन्म उबवणी यंत्रात होतो. अंडी निर्जंतुक केलेली असतात आणि आईची गाठ कधीच पडत नाही. जन्मतः त्याचे आतडे जवळजवळ रिकामी जमीन असते. शेडमध्ये आल्यावर पहिल्या दाण्याबरोबर, पहिल्या पाण्याबरोबर आणि पायाखालच्या तुसातून जे जिवाणू पोटात जातील, ते तिथे मुक्काम ठोकतात. ते लॅक्टोबॅसिलस असतील तर उत्तम, ई. कोलाय किंवा साल्मोनेला असतील तर पुढचे चाळीस दिवस त्रासाचे.

या विषयातील पायाभूत काम फिनलंडमध्ये झाले. १९७१ मध्ये तेथील ब्रॉयलर कळपांत साल्मोनेला इन्फँटिस या जिवाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्यानंतर एस्को नुर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक साधा प्रयोग केला. निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना पाजले. अशा पिल्लांमध्ये साल्मोनेलाला पाय रोवता आला नाही. १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चांगल्या जिवाणूंनी आधीच जागा आणि अन्न व्यापले, की रोगकारक जिवाणूंना शिरकाव मिळत नाही, हे त्याचे सार. दाट उगवलेल्या उसाच्या प्लॉटमध्ये तणाला डोके वर काढता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

जिवाणू की जिवाणूंचे अन्न?

चांगल्या जिवाणूंची वस्ती वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जिवंत उपयुक्त जिवाणूच बाहेरून देणे. त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे आतड्यात आधीपासून असलेल्या चांगल्या जिवाणूंना त्यांच्या आवडीचे अन्न पुरवणे. हे अन्न म्हणजे प्रीबायोटिक. घरगुती भाषेत सांगायचे तर प्रोबायोटिक हे विरजण आहे आणि प्रीबायोटिक हे दूध. दोन्ही एकत्र दिल्यास त्याला सिन्बायोटिक म्हणतात. नावे सारखी असल्याने दुकानात या तिन्हींची सरमिसळ होते. खरेदी करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

'प्रीबायोटिक' ही संज्ञा ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मानवी आहाराच्या संदर्भात मांडली. प्राण्याला स्वतःला पचवता येत नाही, परंतु त्याच्या आतड्यातील निवडक हितकर जिवाणूंना वापरता येतो आणि त्यामुळे प्राण्याच्या आरोग्याला लाभ होतो, असा अन्नघटक म्हणजे प्रीबायोटिक, असा त्याचा आशय आहे.

बहुतेक प्रीबायोटिक्स म्हणजे साखरेच्या काही कणांची छोटी-मोठी साखळी असते. चिकोरीच्या मुळांतील इन्युलिन आणि त्यापासून मिळणारे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे त्यांतील प्रसिद्ध प्रकार. दक्षिणेकडील फिल्टर कॉफीत मिसळली जाते तीच ही चिकोरी. भारतात गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची लागवड होते. याच कुळातील घटक कांदा, लसूण आणि घायपात यांतही असतात. पोल्ट्रीत सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार मात्र वेगळा आहे. तो यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून मिळतो आणि त्याचे नाव मॅनन ऑलिगोसॅकराइड, संक्षेपाने एमओएस.

आतड्यात नेमके काय घडते

इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड कोंबडीच्या लहान आतड्यात फारसे पचत नाही, कारण या साखळ्या तोडणारी विकरे कोंबडीपाशी नसतात. ते बऱ्याच अंशी तसेच पुढे सरकते आणि लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी असलेल्या दोन अंधांत्रांत पोचते. कोंबडीच्या पचनसंस्थेतील जिवाणूंची सर्वांत दाट वस्ती इथेच असते. तेथील लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरिया यांसारखे जिवाणू हे अन्न आंबवतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तसेच ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्ले तयार होतात.

या आम्लांचे काम दुहेरी आहे. आतड्यातील आम्लता वाढल्याने ई. कोलाय आणि साल्मोनेला यांची वाढ मंदावते. दुसरीकडे ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधन आहे. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या धाग्यांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. पचलेले अन्न रक्तात शोषले जाते ते त्यांच्यामार्फत. हे रसांकुर उंच आणि शाबूत असतील तर शोषणाचे क्षेत्रफळ वाढते. हगवणीत ते झडतात, आखूड होतात. प्रीबायोटिक दिलेल्या पक्ष्यांत रसांकुरांची उंची वाढल्याची नोंद अनेक प्रयोगांत झाली आहे.

एमओएसची रीत निराळी आहे. ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या अनेक वाणांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. आतड्याच्या भिंतीवरील मॅनोज या साखरेला हे तंतू पकडतात आणि जिवाणू तिथे चिकटून बसतो. खाद्यातून मॅननच्या साखळ्या दिल्या, की जिवाणू भिंतीऐवजी त्यांनाच पकडतो आणि विष्ठेबरोबर बाहेर जातो. मॅनोज साखर पाजल्याने ब्रॉयलर पिल्लांच्या आतड्यातील साल्मोनेलाची वस्ती घटते, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले होते. म्हणजे एमओएस हे चांगल्या जिवाणूंचे अन्न कमी आणि वाईट जिवाणूंसाठीचा सापळा अधिक आहे. काटेकोर व्याख्येनुसार त्याला प्रीबायोटिक म्हणावे का, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. बाजारात मात्र ते याच नावाने विकले जाते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रीबायोटिक स्वतः मांस तयार करत नाही. त्यात वाढीचे कोणतेही संप्रेरक नसते. आजारी आतड्याच्या दुरुस्तीवर आणि रोगप्रतिकारावर खर्च होणारी ऊर्जा ते वाचवते आणि ती वाढीकडे वळते. साहजिकच, जिथे आतड्यावर मुळात ताण नाही तिथे वाचवण्यासारखेही फारसे काही उरत नाही.

प्रतिजैविकांची सात दशके

प्रीबायोटिक्सकडे जगाचे लक्ष वळण्यामागे प्रतिजैविकांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा भारताशी जुळतो. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे संशोधन विभागाचे प्रमुख असताना ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचा शोध लागला. १९४८ मध्ये ते जगासमोर आले. त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे ब जीवनसत्त्वाच्या शोधात कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करत होते. ऑरिओमायसिन तयार करताना उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला, तेव्हा पिल्ले अपेक्षेपेक्षा वेगाने वाढली. प्रतिजैविकाचा अत्यल्प अंश खाद्यात रोज दिल्यास वाढ होते, हे लक्षात आले आणि १९५० नंतर ही पद्धत जगभर पसरली.

तिची किंमत नंतर कळली. अल्प मात्रेतील औषध रोज मिळत राहिले, की त्याला दाद न देणारे जिवाणू टिकतात आणि वाढतात. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर बंदी घातली. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून ती पूर्णपणे लागू झाली. अमेरिकेत मानवी उपचारांसाठी महत्त्वाच्या प्रतिजैविकांचा वाढीसाठी वापर २०१७ च्या प्रारंभापासून थांबवण्यात आला.

भारतात या प्रश्नाची मोठी चर्चा झाली ती २०१४ मध्ये. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने दिल्ली परिसरातून चिकनचे ७० नमुने तपासले आणि त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. पुढे २०१५ च्या अखेरीस चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिन या औषधाला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, असे दाखवून दिले. इतर सर्व औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागातील रुग्णासाठी डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी कोलिस्टिन हे एक. भारतात ते पोल्ट्रीच्या खाद्यातही वापरले जात होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी, पोल्ट्रीसाठी, मत्स्यशेतीसाठी आणि पशुखाद्य पूरकांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी आणली.

हा प्रश्न केवळ चिकन खाणाऱ्यांपुरता मर्यादित नाही. शेडमधील कोंबडीखत शेतात जाते, त्यातून औषधाला न जुमानणारे जिवाणू माती आणि पाण्यापर्यंत पोचू शकतात. शेडमध्ये राबणाऱ्या कुटुंबाचा तर त्यांच्याशी रोजचा संबंध असतो. म्हणजे या बदलात सर्वांत आधी हित आहे ते कुक्कुटपालकाच्याच घराचे.

आकडे काय सांगतात

प्रतिजैविके बंद केल्यास पक्षी मरतील आणि धंदा बसेल, ही भीती डेन्मार्कमध्येही होती. तेथील ब्रॉयलर उत्पादकांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके स्वतःहून थांबवली. त्यानंतरच्या नोंदींच्या अभ्यासात एफसीआर केवळ ०.०१६ ने बिघडल्याचे दिसले; दर चौरस मीटरला मिळणाऱ्या मांसाच्या उत्पादनावर परिणाम झाला नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पोल्ट्री कंपनीने सुमारे ७० लाख ब्रॉयलरवर घेतलेल्या चाचण्यांची आकडेवारी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये अभ्यासली. वाढीसाठी वापरलेल्या प्रतिजैविकांचा खर्च त्यांच्यापासून मिळालेल्या लाभापेक्षा थोडा अधिकच होता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

प्रीबायोटिक्सच्या बाबतीत सर्वाधिक चाचण्या एमओएसवर झाल्या आहेत. १९९३ ते २००३ या दशकातील ब्रॉयलरवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कोणतेही पूरक न दिलेल्या पक्ष्यांच्या तुलनेत एमओएस दिलेल्या पक्ष्यांचे वजन सरासरी दीड टक्क्याच्या आसपास अधिक भरले, एफसीआर सुमारे दोन टक्क्यांनी सुधारला आणि मरतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. वजनवाढीपेक्षा मरतुकीतील घट अधिक ठळक आहे, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

तथापि ही सरासरी आहे. अनेक प्रयोगांत काहीही फरक आढळलेला नाही, विशेषतः स्वच्छ, नव्या तुसावर, कमी दाटीत ठेवलेल्या पक्ष्यांमध्ये. युरोपातील निष्कर्ष कोल्हापुरात जसेच्या तसे लागू होतील असेही नाही. तेथील खाद्यात गव्हाचा मोठा वाटा असतो, तर आपल्याकडे मका आणि सोयाबीन पेंड हा खाद्याचा कणा आहे. सोयाबीन पेंडीतच रॅफिनोज आणि स्टॅकिओज या न पचणाऱ्या साखळ्या असतात. म्हणजे आपल्या ब्रॉयलरच्या अंधांत्रांत जिवाणूंसाठी थोडेफार अन्न आधीच जात असते. त्यात बाहेरून आणखी भर घालताना मात्रेचे भान हवे. जास्त दिले म्हणजे जास्त वाढ, हा समज चुकीचा आहे. इन्युलिनसारखे घटक प्रमाणाबाहेर दिल्यास आतड्यात वायू आणि पाणी वाढते, विष्ठा पातळ होते आणि तूस ओले होते. ज्या त्रासावर उपाय करायचा, तोच त्यामुळे वाढतो.

प्रीबायोटिक्सची एक व्यावहारिक जमेची बाजू आहे. प्रोबायोटिकमधील बरेचसे जिवंत जिवाणू गोळी खाद्य बनवताना लागणाऱ्या उष्णतेत मरतात आणि साठवणुकीतही घटतात. प्रीबायोटिक निर्जीव असल्याने ते उष्णतेत आणि गोदामात चांगले टिकते.

रुपयांतले गणित

शेतकऱ्याला टक्क्यांपेक्षा रुपये महत्त्वाचे. समजा, १,००० पक्ष्यांचा लॉट आहे आणि प्रत्येकी दोन किलो वजन भरले. एकूण जिवंत वजन २,००० किलो झाले. एफसीआर १.७० असेल तर ३,४०० किलो खाद्य लागले. प्रीबायोटिकमुळे एफसीआर १.६६ झाला, तर ३,३२० किलो लागेल. म्हणजे ८० किलो खाद्य वाचले. हिशेबासाठी खाद्याचा दर किलोला ४० रुपये धरला, तर ३,२०० रुपयांची बचत झाली.

आता खर्च. टनाला एक किलो या मात्रेने साधारण ३ किलो ३०० ग्रॅम पूरक लागेल. त्याचा दर किलोला ३०० रुपये धरल्यास सुमारे १,००० रुपये खर्च आला. निव्वळ लाभ २,२०० रुपये. परंतु एफसीआर केवळ ०.०१ ने सुधारला, तर २० किलो खाद्य, म्हणजे ८०० रुपये वाचतील आणि २०० रुपये पदरचे जातील. या दरांनुसार ०.०१२५ पेक्षा अधिक सुधारणा झाली तरच पुडी परवडते. प्रत्येकाने आपल्या खाद्याचा आणि पूरकाचा चालू दर घालून हे गणित पुन्हा मांडावे. मरतूक घटल्याचा लाभ त्यात वेगळा जोडावा लागेल; शेवटच्या आठवड्यात मेलेला प्रत्येक पक्षी तोवर खाल्लेल्या सर्व खाद्यासह वाया जातो.

करार पद्धतीत निर्णय कोणाचा?

करार पद्धतीने संगोपन करणाऱ्यांसाठी हे गणित वेगळे आहे. या पद्धतीत कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते; शेड, वीज, पाणी, तूस आणि कष्ट शेतकऱ्याचे. खाद्यात काय मिसळायचे हे कंपनी ठरवते आणि बहुतेक वेळा पिशवीवरील मोजक्या मजकुरापलीकडे शेतकऱ्याला त्याची माहिती नसते. त्याचा मोबदला मात्र एफसीआर आणि मरतुकीवर अवलंबून असतो. खाद्य चांगले उतरले तर प्रोत्साहन रक्कम, बिघडले तर कपात.

अशा शेतकऱ्याने परस्पर पुड्या आणून पाण्यात मिसळू नयेत. कंपनीच्या खाद्यात तोच घटक आधीच असू शकतो आणि मात्रा दुप्पट होऊ शकते. खाद्यात प्रीबायोटिक आहे का, प्रतिजैविक आहे का आणि असल्यास विक्रीपूर्वी किती दिवस ते बंद करायचे, हे कंपनीच्या पर्यवेक्षकाकडून लेखी घ्यावे. ज्या आकड्यावरून आपली मजुरी ठरते, तो आकडा कशाने बदलतो हे जाणून घेणे हा शेतकऱ्याचा रास्त हक्क आहे.

खरेदी आणि शेडवरची चाचणी

स्वतः खाद्य विकत घेणाऱ्या किंवा तयार करणाऱ्या कुक्कुटपालकांनी पिशवीवर काही गोष्टी तपासाव्यात. घटक कोणता, एमओएस की इन्युलिन की मिश्रण, हे स्पष्ट लिहिलेले असावे. एमओएस असल्यास मॅननचे प्रमाण किती टक्के, हे पाहावे. केवळ वाळवलेले यीस्ट आणि यीस्टची वेगळी काढलेली पेशीभित्तिका यांत मोठा फरक आहे. पहिल्यात मॅनन कमी असते. त्यामुळे दोन उत्पादनांची तुलना किलोच्या दरावर न करता मॅननच्या टक्केवारीवर करावी. टनाला किती मात्रा आणि कोणत्या वयापर्यंत, याचाही उल्लेख हवा. आतड्यातील वस्ती पहिल्या आठवड्यात बसत असल्याने प्री-स्टार्टर खाद्यापासूनच वापर सुरू करणे तर्कसंगत ठरते. शेवटच्या आठवड्यात एकदम दिलेल्या पुडीकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

उत्पादन आपल्या शेडमध्ये चालते का, हे आपल्या वजनकाट्यावरच कळते. शेडचे जाळीने दोन सारखे भाग करावेत. एकाच उबवणीची पिल्ले दोन्हीकडे सारख्या संख्येने सोडावीत. खाद्य, तूस, फीडर, ड्रिंकर, दाटी सर्व सारखे ठेवावे. फक्त एका बाजूच्या खाद्यात प्रीबायोटिक मिसळावे. दर आठवड्याला दोन्हीकडचे खाद्य, नमुना पक्ष्यांचे वजन आणि मेलेले पक्षी वेगवेगळे लिहून ठेवावेत. तुसाची स्थितीही नोंदवावी. पुढच्या बॅचला बाजू बदलाव्यात, कारण शेडची एक बाजू मुळातच अधिक हवेशीर असू शकते. एका लॉटवरून निष्कर्ष काढू नये; निदान तीन लॉट आणि त्यांपैकी एक पावसाळ्यातील, अशी नोंद झाली की चित्र स्पष्ट होते. चाचणीची आखणी करताना पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. पुणे-बेंगळुरू महामार्गावरील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांकडेही याबाबत विचारणा करता येईल.

साखरपट्ट्यातील कच्चा माल

या विषयाला कोल्हापूरच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. एमओएसचा कच्चा माल म्हणजे यीस्ट आणि जिल्ह्यातील काही साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांत मळीपासून मद्यार्क तयार करताना यीस्टच वापरले जाते. किण्वनानंतर त्याचा गाळ उरतो. उसाच्या बगॅसमध्ये झायलन हा घटक असतो. त्याच्या साखळ्या तोडल्या, की झायलो-ऑलिगोसॅकराइड हे प्रीबायोटिक मिळते. ते सध्या मुख्यतः दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून तयार होते. बगॅसपासून ते मिळवण्याचे प्रयोगही प्रयोगशाळांत यशस्वी झाले आहेत.

मात्र गाळ उचलून थेट खाद्यात टाकणे हा यावरचा मार्ग नाही. आसवनीतील यीस्टमध्ये इतर जिवाणू आणि प्रक्रियेत वापरलेल्या रसायनांचे, प्रसंगी प्रतिजैविकांचेही अंश असू शकतात. ते धुणे, पेशी फोडणे, भित्तिका वेगळी करणे, वाळवणे आणि प्रत्येक खेपेची तपासणी करणे आवश्यक असते. बगॅस आज सहवीजनिर्मितीसाठी जळते, त्यामुळे तिच्यापासून काही वेगळे करायचे तर ते विजेपेक्षा किफायतशीर ठरले पाहिजे. तरीही साखर, मका, सोयाबीन आणि पोल्ट्री एकाच परिसरात असलेल्या या पट्ट्यात अशा प्रक्रिया उद्योगाचा विचार होण्यास जागा आहे.

ओल्या तुसावर पुडीचा उतारा नाही

प्रीबायोटिक्सचे गुण मान्य केले तरी त्यांची मर्यादा विसरता येत नाही. ते रक्ती हगवणीचे औषध नाही. मानमोडी किंवा गमबोरोच्या लसीची जागा ते घेऊ शकत नाही. बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिनवरही त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात मका नीट वाळवणे आणि कोरड्या जागी साठवणे हाच खरा उपाय. डेन्मार्कमधील बदलही पुड्यांच्या बळावर झालेला नव्हता. शेडची स्वच्छता, खाद्याचा दर्जा आणि रक्ती हगवणीवरील नियंत्रण यांची जोड त्याला होती.

पिल्ले येण्यापूर्वी शेड धुऊन काही दिवस रिकामी ठेवणे, ब्रुडिंगची ऊब आधीच तयार ठेवणे, तूस रोज खालवर करणे, ओला भाग तत्काळ काढून टाकणे, ड्रिंकरची गळती थांबवणे, पावसातही पडद्यांच्या वरच्या बाजूने हवा खेळती ठेवणे आणि पिण्याचे पाणी शुद्ध असणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही, लक्ष मात्र सतत द्यावे लागते. त्या सांभाळल्या गेल्या की प्रीबायोटिकमुळे मिळणारा दीड-दोन टक्क्यांचा लाभ पदरात पडण्याची शक्यता वाढते आणि प्रतिजैविकाची पिशवी उघडण्याची वेळ कमी येते. त्या सांभाळल्या नाहीत, तर खाद्याच्या बिलात आणखी एका ओळीची भर पडते, इतकेच. पुढच्या आखाडाची पिल्ले शेडमध्ये उतरण्यापूर्वी आधी तुसाकडे आणि पाण्याच्या टाकीकडे पाहावे. पुडीचा विचार त्यानंतर करावा.